साक्षर ठरलेली वाडी

रायगडाला जाणारी माणसं महाडला उतरतात, गाडी बदलतात आणि पाचाडच्या रस्त्याला लागतात. पोलादपूरला तर तेवढंही कोणी उतरत नाही. महाबळेश्वरहून घाट उतरून आलेली एसटी तिथं थांबते, घाटात ज्यांना मळमळलं ते तोंड धुतात, बाकीचे चहा पितात, आणि गाडी पुढं जाते. मी मात्र तिथंच जायला म्हणून पुण्याहून निघाले होते, आणि गड बघायला नव्हे.

मी पुण्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. माझ्या प्रबंधाचा विषय प्रौढांचं शिक्षण हा आहे. मोठेपणी अक्षरं शिकलेलं माणूस पुढं वाचत राहतं का, एवढाच माझा प्रश्न होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणकडे जाणाऱ्या डोंगरात एक वाडी आहे. काही वर्षांपूर्वी ती वाडी पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं होतं. तिच्या कौतुकाचा मजकूर मी वाचला होता आणि तोच माझ्या डोक्यात बसला होता. त्या वाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. हे लिहिलेलं वाचून तिथं कोणाला काही कळेल अशी भीती फारशी नाही. पण एका बाईला मी शब्द दिला आहे.

महाड

दिवाळी होऊन गेली होती. वरंधा घाटानं खाली आले तेव्हा दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं होतं आणि खाचरांतून नुसते पिवळे सड उभे होते. महाडला माझ्या मैत्रिणीच्या मामांकडे उतरायची सोय होती. मामा वकील. घर बाजारपेठेच्या मागं, आणि पावसात सावित्रीचं पाणी कुठवर चढतं याची खूण भिंतीवर ओलीनं काढून ठेवलेली. पुण्यात आम्ही पुराची गोष्ट सांगतो. इथं ती भिंतीवर दाखवतात आणि पुढच्या बोलण्याकडे वळतात.

मामींनी घावन आणि नारळाच्या दुधातला गुळाचा रस केला होता. तव्यावरचं घावन थेट पानात पडत होतं. मामा माझ्या कामाबद्दल ऐकून म्हणाले, "शिकलेला पोरगा शेतात उभा राहत नाही. मुंबई गाठतो. तुमच्या प्रबंधात हेही घाला."

मामींनी वेगळंच विचारलं. "म्हणजे तुम्ही त्या बायकांना शिकवायला चाललात का?"

"नाही. शिकलेलं त्यांच्यापाशी राहिलंय का, ते बघायला."

"आणि नसलं राहिलं तर?"

"तर तसं लिहायचं."

मामींनी घावन उलटलं. "एवढ्या लांब येऊन," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. त्यांचा हेतू मला दुखवायचा नव्हता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी माझं तेच उत्तर मनात दोनदा म्हणून पाहिलं.

पोलादपूर

कदम गुरुजी एसटीच्या थांब्यावर माझी वाट बघत उभे होते. पन्नाशीचे, किडकिडीत, धुतलेलं धोतर, खांद्याला कापडी पिशवी. वाडीतला रात्रीचा वर्ग यांनीच चालवला होता. तेव्हा ते डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत होते. दिवसा मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी कंदील घेऊन वर चढायचे. वाडी साक्षर झाल्याचा समारंभ झाला आणि पाठोपाठ त्यांची बदली झाली. तेव्हापासून ते वर गेलेच नव्हते. माझं पत्र मिळाल्यावर रजा टाकून आले होते.

हॉटेलात चहा घेताना त्यांनी पिशवीतून पुस्तकांचा गठ्ठा काढून दाखवला.

"हे दुसरं पुस्तक," ते म्हणाले. "पहिलं संपलं की लगेच हे यायचं होतं. आलंच नाही. मी तालुक्याला खेटे घातले, मग बदली झाली. आता खटपट करून जुन्या साठ्यातून मिळवलंय. कोऱ्या प्रती आहेत बाई, पानं चिकटलेली आहेत अजून."

मी एक प्रत उघडली. पहिल्या पुस्तकात नुसते शब्द आणि तुटक वाक्यं होती. यात गोष्टी होत्या. विहिरीची, भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांची, आगगाडीत हरवलेल्या म्हातारीची.

"येसू यातलं सगळं वाचेल," गुरुजी म्हणाले. "बाकीच्या बायका कदाचित अडखळतील. पण येसू वाचेल."

येसूचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि तिथंच आजारानं गेला होता. मूलबाळ नव्हतं. ती दिराच्या घरात राहून त्याचं शेत करायची. वर्गात ती शेवटी यायची, कारण घरचं आवरून यावं लागे, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढं होती. गुरुजी तिच्याबद्दल बोलत होते तेव्हा त्यांचा चहा निवून गेला.

चढ

चढ दमवणारा होता. गवत माणसाच्या खांद्याएवढं वाढून वाळलेलं आणि पायवाट त्यातून कशीबशी गेलेली. अर्ध्या वाटेवर माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. गुरुजींनी घायपाताच्या वाखानं तो बांधून दिला, पण थोड्या वेळानं तोही सुटला आणि मी वहाणा हातात घेऊन चालू लागले.

वरून गवताचे भारे घेऊन बायका उतरत होत्या. भाऱ्याखाली चेहरे दिसत नव्हते. त्यांतली एक थांबली आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाली, "कोनाची गो तू? माहेर कुठलं?"

पुण्यात नवीन माणसाला आधी नाव विचारतात, मग नोकरी. इथं माझं नाव शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. माहेर कुठलं आणि सोबत आलेला बाप्या कोण, एवढं कळलं की पुरे. गुरुजी मास्तर आहेत असं सांगितल्यावर ती बाई हसली. "व्हय, कंदीलवालं मास्तर," म्हणाली आणि भारा सावरून खाली निघाली.

माथ्यावर पोचलो तेव्हा समोर प्रतापगड उभा होता आणि खाली सावित्रीचं खोरं निळसर दिसत होतं. गुरुजी तिकडं बघत नव्हते. ते वाडीतली घरं बघत होते आणि भराभर चालत होते.

वाडी

देवळासमोरचं अंगण सारवून ठेवलेलं होतं. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. कोणीतरी आंब्याचा टहाळा दोरीला बांधून दोन खांबांमध्ये लावला होता. आम्ही येणार हे कळल्यावर त्यांना वाटलं होतं, पुन्हा समारंभ आहे.

पुरुष जवळजवळ नव्हतेच. कर्ते मुंबईला, आणि मागं राहिलेले म्हातारे पारावर. कोरा चहा आला, गुळाचा. मग एका बाईनं न सांगताच उठून पदर सारखा केला आणि वर्गाच्या वेळची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांना पाठ होती. गुरुजींचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपण योग्य जागी आलो.

मी पहिलं पुस्तक बरोबर आणलं होतं. मधलंच पान उघडून एका बाईपुढं धरलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. आवाज खणखणीत होता. पण ती जे म्हणत होती ते त्या पानावर नव्हतं. तो पहिला धडा होता. गुरुजींनी हळूच पान उलटलं. बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं आणि पुन्हा तोच पहिला धडा.

दुसरीनं तेच केलं. तिसरी म्हणाली, "माज्या ध्यानात नाय रायलं." चौथीनं जमिनीवर काडीनं आपलं नाव काढलं, शेवटचं अक्षर उलटं आलं, आणि ते उलटं आहे हे तिला कळलं नाही. मी एकेकीची नोंद करत गेले. मला कोणाचा राग आला नाही. फक्त पेन्सिल जड वाटायला लागली.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "वर्ग बंद का पडला?" त्यांनी विचारलं. "मी गेल्यावर येसू चालवणार होती. तिनं कबूल केलं होतं. कुठं आहे ती?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "माज्यापायी बंद पडला, मास्तर."

तिचं नाव रखमाबाई. तिनं जे सांगितलं ते असं.

गुरुजी गेल्यावर काही दिवस येसूनं वर्ग चालवला. तेवढ्यात मुंबईहून येणारी पत्रंही तिच्याकडंच वाचायला यायला लागली. आधी ती वाचून घ्यायला पोलादपूरपर्यंत उतरावं लागायचं. आता वाडीतच वाचणारी होती. रखमाबाईचा मुलगा धोंडू मुंबईला होता. त्याचं पत्र आलं. रखमाबाई आणि तिची सून, दोघी समोर बसल्या. येसूनं वाचलं: मी खुशाल आहे, शिमग्याला येतो, तिला लुगडं घेऊन येतो.

"पोरीचं तोंड कसं झालं व्हतं तवा, काय सांगू," रखमाबाई म्हणाली. "वरीस व्हऊन गेलं व्हतं त्याचा कागद नव्हता."

त्याच सुमाराला सुनेचा भाऊ तिला न्यायला आला होता. नवरा विचारत नाही म्हटल्यावर त्यानं तिच्यासाठी पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं ठरवलं होतं. माणूस चांगला होता, बिजवर, घरची शेती. सुनेनं भावाला परत पाठवलं. नवरा शिमग्याला येणार होता ना.

शिमगा झाला. धोंडू आला नाही. मुंबईहून आलेल्या दुसऱ्या माणसानं सांगितलं की धोंडूनं तिकडं दुसरं घर केलंय आणि तसं त्यानं पत्रातच कळवलं होतं. रखमाबाईनं ते पत्र जपून ठेवलं होतं. ते घेऊन ती पोलादपूरला दुकानदाराकडं गेली. त्यानं वाचलं. मी इकडं दुसरं घर केलंय, माझी वाट बघू नका, तिला माहेरी पाठवा, एवढंच त्यात होतं.

तोवर त्या बिजवरानं दुसरीशी लग्न केलं होतं. सून भावाच्या घरी गेली. "भावजय तिला जेवायला शेवटी वाडते," रखमाबाई म्हणाली. "मी जाऊन बगून आले. वळखू येत नाय पोरगी."

"येसूनं असं का केलं?" मी विचारलं.

"का म्हंजे? खरं वाचवंना तिला. दोघी म्होरं बसलेलो ना आमी." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "तिचं मन वाईट नाय गो. पन आता कागद दुकानदाराकडंच नेतो समदी. तो खरं वाचतो. त्याला आमची माया नाय."

त्यानंतर वर्गाला बायका येईनाशा झाल्या. वाचणं म्हणजे ज्याला येतं त्यानं वाटेल ते सांगणं, असा समज झाला. मी कॉलेजात साक्षरतेचे परिणाम शिकवते. त्यात हा परिणाम कुठं बसवावा ते मला कळेना.

"येसूपन इसरली आता समदं," दुसरी एक बाई म्हणाली. "तिनंच सांगितलं. तवापास्न परत बोलाय लागलो आमी तिच्याशी."

खळ्यावर

जेवण झालं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेली सुकट. मी सुकट खात नाही हे कळल्यावर एकीनं धावत जाऊन मिरचीचा ठेचा आणला. आम्ही झरा बघून येतो असं सांगून निघालो. गुरुजींना येसूच्या दिराचं खळं कुठं आहे ते माहीत होतं.

ती एकटीच नाचणी झोडपत होती. तिशीची असेल. गुरुजींना बघून तिनं दांडकं खाली ठेवलं आणि पाया पडली. मीच म्हटलं, "तुम्ही विसरलात असं सांगतात सगळ्या."

तिनं वर वाडीकडं बघितलं. तिथून कोणी दिसत नव्हतं.

"इसरायचं कसं त्ये कुटं शिकवलं मास्तरांनी," ती म्हणाली.

मग ती सांगत गेली. दुकानातून मिठाची, चहाची पुडी येते, तिचा कागद ती गोठ्यात नेऊन वाचते आणि चुलीत घालते. कधी अर्धीच बातमी असते. एकदा एका खटल्याची हकीगत आली होती, पुढं त्या माणसाचं काय झालं ते तिला अजून कळलं नाही.

"तू मला कळवायचं होतंस," गुरुजी म्हणाले.

"काय कळवू? मी त्या पोरीचं वाटोळं केलं. कागद हातात घेतला, तिच्याकडं बगितलं, आनि तोंडातून दुसरंच आलं. वाटलं, शिमग्यापत्तुर तरी सुखात राहील. तिच्या पाटाचं ठरतंय ह्ये मला ठावं नव्हतं, मास्तर."

गुरुजींनी पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं हात लुगड्याला पुसले, पुस्तक घेतलं आणि तिथंच पेंढ्यावर बसली. पानं चिकटलेली होती. ती नखानं एकेक सोडवत वाचायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आम्ही बाजूला दगडावर बसलो. ती म्हातारी आगगाडीत हरवते त्या गोष्टीला तिनं एकदा मागचं पान पुन्हा बघितलं आणि मग पुढं गेली. ऊन खळ्यावरून सरकत बांधापर्यंत गेलं. गुरुजी पाठ फिरवून बसले होते.

तिनं शेवटचं पान संपवलं, पुस्तक मिटलं आणि गुरुजींना परत दिलं.

"ठेव तुला," गुरुजी म्हणाले. "तुझ्यासाठीच आणलंय."

"नको. घरात कागद दिसला तर पुन्हा सुरू व्हईल समदं. आता कुटं पान्यावर बोलायला लागल्यात बाया." ती उभी राहिली. "याच्या म्होरं तिसरं असतं का?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "असतं."

"त्यात काय असतं?"

मी सांगायला लागले. देशाबद्दल, शरीराबद्दल, हवामानाबद्दल धडे असतात, असं काहीतरी. मलाच ते फार कोरडं वाटलं. तिनं मात्र लक्ष देऊन ऐकलं. मी तिला विचारलं, पुण्याला येतेस का. बायकांची वसतिगृहं आहेत, शिकायची सोय करता येईल. तिनं विचार केला, असं म्हणवत नाही. दीर गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला होता, जाऊ मुंबईला भावाकडं जाऊन बसली होती, आणि दिराची दोन लहान पोरं हिच्याच हाताखाली होती. "मी निगाले तर ती खातील काय?" एवढंच ती म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा ती माझ्यामागं बांधापर्यंत आली.

"बाई, तुमी समद्यांचं लिवून घेतलंत. माजंपन लिवा. इसरली म्हनून."

"पण ते खरं नाही."

"खरं लिवलंत तर खाली कळंल, मग वर कळंल. मास्तर सांगनार नाय. तुमी पन नका सांगू." तिनं माझा हात धरला. हात नाचणीच्या भुशानं भरलेला होता. "माजं नाव बाकीच्यांत घाला."

मी कबूल केलं.

पुन्हा महाड

दुसऱ्या दिवशी आम्ही महाडला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. गुरुजींनी शांतपणे सांगितलं की वाडीतल्या बायका अक्षरं विसरल्या आहेत, पुन्हा वर्ग सुरू करावा, मी रजेच्या दिवसांत चढून जाईन, पैसे नकोत, फक्त कंदील आणि पुस्तकं द्या.

"वाडी साक्षर आहे," साहेब म्हणाले.

"होती."

"गुरुजी, साक्षर जाहीर झालेल्या गावाला पुन्हा वर्ग मिळत नाही. नाहीतर मग जाहीर काय केलं, असं वरचे विचारतील. तुमचंच नाव आहे त्यावर." त्यांचा सूर वाईट नव्हता. "निरक्षर गावं अजून पुष्कळ आहेत. आधी ती नकोत का?"

गुरुजी नमस्कार करून बाहेर आले. पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी कचेरीच्या शिपायाकडं दिला आणि साठ्यात परत ठेवायला सांगितलं. "शाळेत ठेवली तर उंदीर खातील," मला म्हणाले. एसटीच्या थांब्यावर ते माझी गाडी सुटेपर्यंत उभे होते, पण खिडकीपाशी आले नाहीत. पुढं त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडल्याचं मला मामांकडून कळलं.

पुणे

माझ्या पाहणीचे निष्कर्ष विभागात वाचून दाखवायचे होते. आमचे प्रमुख होते, इतर कॉलेजांतले प्राध्यापक होते, शिक्षण खात्यातले एकजण टिपण घ्यायला आले होते. मी बाकीच्या गावांचं सांगून त्या वाडीवर आले. रखमाबाईच्या पत्राची हकीगत सांगितली असती तर सगळं उलगडलं असतं. पण ती सांगायची तर वाचणारीचं पुढं काय झालं ते कोणीतरी विचारलंच असतं. मी ती सांगितली नाही. नुसते आकडे वाचले.

"म्हणजे इतक्या बायकांत आज वाचू शकणारी एकही नाही?" प्रमुखांनी विचारलं. "नीट तपासलंत ना? एखादी तरी?"

"नाही सर. एकही नाही."

मग चर्चा झाली. डोंगरातल्या वाड्यांमधल्या बायकांना शिकवणं टिकत नाही, त्यांच्या आयुष्यात वाचनाची गरजच उत्पन्न होत नाही, तेव्हा तो खर्च खालच्या मोठ्या गावांवर करावा, असं मत पडलं. मांडणी तर्काला धरून होती. माझ्याच आकड्यांवर उभी होती. दोनदा मी बोलायला म्हणून खुर्ची मागं सारली आणि पुन्हा पुढं घेतली.

शेवटी टिपण घेणारे गृहस्थ माझ्याकडं वळले. त्यांनी त्या वाडीपुढं शून्य लिहिलं होतं आणि त्याखाली वर्ग न चालवण्याची शिफारस. कागद माझ्यापुढं सरकवून त्यांनी विचारलं, "बाई, हे असंच जाऊ दे ना?"

मी वाचून बघितलं. म्हटलं, "जाऊ दे."